'शॅडो' की 'शेड'? आपल्याकडे एकच सावली

मराठीत झाडाखाली बसतो तीही सावली आणि भिंतीवर पडते तीही सावली. इंग्रजीत मात्र निवड करावी लागते, आणि नेमकी इथेच आपली गल्लत होते.

भर दुपारी अंगणात उभे राहा. पायाशी तुमचा काळा आकार पडलेला दिसतो: डोकं, खांदे, हात हलवला की हलणारा हात. हा 'शॅडो'. आता चार पावलं चालून झाडाखाली जा. ऊन लागत नाही, बरं वाटतं. ही 'शेड'. पहिल्याला बाह्याकार असतो, दुसरीत आसरा. म्हणून 'शॅडो' मोजता येतात, या अर्थाची 'शेड' सहसा मोजत नाहीत.

ग्रहणात चंद्रावर पडतो तो पृथ्वीचा 'शॅडो'. सावलीसारखा पाठलाग करणंही 'शॅडो'च. रंगाची छटा, दिव्यावरचं झाकण मात्र 'शेड'. अर्थच्छटेलाही इंग्रजीत हाच शब्द आहे, आणि मला तो फार आवडतो.

गंमत म्हणजे दोन्ही शब्द जुन्या इंग्रजीतल्या एकाच शब्दाच्या वेगवेगळ्या विभक्तिरूपांतून आले. म्हणजे तिथेही सावली मुळात एकच होती!