मांजरांचा निवारा हलवताना: कुठला कॅरिअर घ्यावा, कुठला दुकानातच सोडावा

घरचं एक मांजर डॉक्टरकडे न्यायचं असेल तर जवळपास कुठलाही कॅरिअर (मांजर न्यायची पेटी किंवा बॅग) चालून जातो. चाळीस-पन्नास मांजरांचा अख्खा निवारा नव्या जागेत न्यायचा असेल तर बाजारातले निम्मेअधिक प्रकार बाद होतात. उचलणारा स्वयंसेवक मांजराच्या ओळखीचा असेलच असं नाही, एकच कॅरिअर दिवसभरात तीन-चार फेऱ्या मारतो आणि प्रत्येक फेरीनंतर तो धुवावा लागतो. खालची पारख याच कामासाठी आहे. रंग, खिसे आणि पारदर्शक घुमट यांना इथे गुण नाहीत.

पहिला नंबर कडक प्लास्टिकच्या, दोन भागांच्या आणि वरूनही उघडणाऱ्या कॅरिअरचा. चार-पाच किलोच्या मांजराला साधारण ४८ × ३२ × ३० सेंमीचा पुरतो. दांडगा बोका असेल तर एक माप वरचं घ्या, पण उगाच मोठा घेऊ नका. गाडीने ब्रेक मारला की मोठ्या कॅरिअरमध्ये मांजर घसरत जाऊन आदळतं. वरच्या दाराचा खरा फायदा बुजऱ्या मांजराच्या वेळी कळतो. टॉवेलात गुंडाळलेलं मांजर मागच्या पायांकडून आत सोडायचं, टॉवेल तसाच आत राहू द्यायचा आणि झाकण लावायचं. समोरच्याच दाराचा कॅरिअर असेल तर तो भिंतीला टेकवून उभा करा, म्हणजे दार वर येतं. मग तीच रीत. पुढून डोकं आत ढकलायला गेलात तर चारही पाय दाराच्या चौकटीला रुततात आणि पुढचा अर्धा तास वाया जातो.

या कॅरिअरचं दुखणं त्याच्या मुठीत असतं. मूठ वरच्या भागावर आणि मांजराचं वजन खालच्या भागात, त्यामुळे सगळा भार बाजूच्या प्लास्टिकच्या खटक्यांवर येतो. सहा किलोचा बोका आत उसळला की एक खटका सुटतो, कवच वाकतं, दाराच्या दांड्या वरच्या भोकांतून निसटतात आणि दार हातात येतं. उपाय दहा रुपयांचाही नाही. हवेच्या फटींमधून ओवून चारही बाजूंना वरचा आणि खालचा भाग २०० मिमीच्या केबल टायने बांधा आणि समोरच्या दारालाही एक टाय लावा. आणीबाणीत कापायला प्रत्येक गाडीत पक्कड किंवा कटर हवाच. उचलताना एक हात मुठीला, दुसरा तळाखाली. खटक्यांऐवजी नट-बोल्ट असलेला कॅरिअर मिळाला तर तोच घ्या, पण प्लास्टिकचे नट गाडीच्या हादऱ्याने सैल पडतात, ते फेरीगणिक आवळावे लागतात. दुकानात दाराची जाळी धातूची आहे का ते पाहा. प्लास्टिकच्या जाळीचे दात एका मोसमात तुटतात.

तळाला घालायला प्राण्यांच्या दुकानातले महागडे पॅड नकोत. औषधांच्या दुकानात मोठ्या माणसांसाठीचे ६० × ९० सेंमीचे अंडरपॅड मिळतात, ते अर्धे दुमडून बसतात. त्यावर मांजराच्या रोजच्या अंथरुणाचा न धुतलेला तुकडा. हा न धुण्याचा भाग नीटनेटक्या स्वयंसेवकांना पटत नाही. शिफ्टिंगच्या आदल्या दिवशी सगळी अंथरुणं उकळत्या पाण्यात टाकली की मांजराला ओळखीचा असलेला एकमेव वास जातो आणि नव्या जागी ते कोपऱ्यातून हलत नाही. वापरलेल्या लिटरचे (मांजराच्या शौचाच्या ट्रेमधल्या वाळूचे) दोन-तीन डाव नव्या ट्रेमध्ये मिसळले की कामाला येतात. मात्र नायटा (बुरशीचा त्वचारोग) झालेल्या किंवा आजारी मांजरांच्या खोलीतलं काहीच पुढे न्यायचं नाही.

कापडी बॅग दुसऱ्या फेरीलाच नापास होते. चेनची टोकं मांजर नाकाने ढकलून उघडतं (दोन्ही टोकं एका कडीत अडकवली तर थोडा धीर येतो), जाळी नखाने फाटते आणि मुख्य म्हणजे ती निर्जंतुक होत नाही. नायट्याचे बीजाणू कापडात महिनोन्महिने टिकतात. पारदर्शक घुमटाची पाठपिशवी तर फोटोपुरतीच. उन्हात घुमट तापतो, हवेची भोकं अपुरी असतात आणि मांजराला आडवं होता येत नाही. लोखंडी घडीचा पिंजरा स्वस्त पडतो म्हणून देणगीत हमखास येतो. तो नव्या जागी एक-दोन दिवस मांजर ठेवायला बरा, वाहतुकीला नाही. कोपऱ्यातले आकडे उचलताना सुटतात आणि तळाचा ट्रे बाहेर सरकला की त्या फटीतून बारीक मांजर सरळ निघून जातं. भाजीचे ५४ × ३६ × २९ सेंमीचे दोन क्रेट तोंडाला तोंड लावून टायने बांधले तर अडचणीत चालतात. तळाच्या जाळीतून पंजे बाहेर येतात म्हणून खाली पुठ्ठा घालायचा.

ज्या मांजरांना हातच लावता येत नाही त्यांच्यासाठी वेगळा खर्च टाळू नका. मागच्या बाजूलाही सरकतं दार असलेला ट्रॅप पिंजरा घ्या. त्याचं दार कॅरिअरच्या दाराला भिडवून, ट्रॅपवर चादर टाकून आणि कॅरिअर अंधारा ठेवून दार सरकवलं की मांजर बहुतेक वेळा आपणच पलीकडे जातं. कुणीही हात घालू नये. चावा लागलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुऊन त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखाना गाठायचा. तिथे वाद नाही.

मांजरांना शांत करणाऱ्या फेरोमोन (मांजरं एकमेकांना खूण म्हणून सोडतात तशा गंधद्रव्याच्या) स्प्रेबद्दल विचारणा फार होते. फवारल्यावर त्यातला अल्कोहोल उडायला साधारण १५ मिनिटं द्यावी लागतात. लगेच मांजर आत टाकलं तर उलट ते भडकतं. परिणामाबद्दलचे निष्कर्ष संमिश्र आहेत आणि किंमत चांगलीच आहे. पैसे मोजके असतील तर आधी कॅरिअर घ्या. फुकटचा आणि जास्त भरवशाचा उपाय म्हणजे दोन आठवडे आधीपासून कॅरिअर दार काढून खोलीत ठेवणे आणि जेवण त्याच्या आत देणे. शांत करणारी गोळी द्यायची की नाही, किती आणि कधी, हे प्रत्येक मांजरामागे डॉक्टरच ठरवतील.

धुण्याच्या सामानात एक वस्तू बाद करायलाच हवी: फिनाईल. मांजराच्या यकृताला फिनॉलचा निचरा नीट करता येत नाही आणि पंजे चाटण्याच्या सवयीने ते पोटात जातं. बेंझाल्कोनियम क्लोराइड असलेल्या साध्या फरशी-क्लीनरनेही पॅनल्यूकोपेनियाचा (मांजरांच्या जीवघेण्या साथीच्या रोगाचा) विषाणू मरत नाही. हा विषाणू फरशीवर वर्षभर टिकू शकतो, म्हणून नवी जागा आधी कुणाची होती हे विचारून घ्या. साधं ५ टक्क्यांचं ब्लीच पुरतं: एक लिटर पाण्यात ३० मिली, आधी साबणाने मळ काढून, मग १० मिनिटं ओलं ठेवून, शेवटी स्वच्छ पाण्याने धुऊन. मळ तसाच असेल तर ब्लीचचा जोर त्यातच संपतो. संडास धुण्याचं ॲसिड त्यात कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो. धातूच्या जाळ्या नीट खळखळल्या नाहीत तर गंजतात.

गाडीबाबत थोडक्यात. मांजरांसाठी एसीची बंद गाडी, छोटा हत्ती फक्त कपाटं आणि गोण्यांसाठी. कॅरिअर दोनापेक्षा जास्त थरांत रचू नका, मधे प्लायवूड टाका आणि पट्ट्याने बांधा. टॉवेल वरून व तीन बाजूंनी, समोरची बाजू हवेला मोकळी. एप्रिल-मेमध्ये सकाळी आठच्या आत शेवटची फेरी निघालेली बरी. तोंड उघडून धापा टाकणारं मांजर दिसलं तर गाडी थांबवून आधी त्याच्याकडे पाहायचं. पिल्लं आणि त्यांच्या आया पहिल्या फेरीत, आजारी मांजरं शेवटच्या फेरीत आणि त्यांना हाताळणारी माणसं वेगळी. प्राणी वाहतूक नियम, १९७८ नुसार कुत्र्या-मांजरांसोबत पशुवैद्याचं आरोग्य प्रमाणपत्र लागतं, ते गाडीतच ठेवा. नावाची चिठ्ठी कॅरिअरच्या खालच्या भागावर चिकटवा, कारण धुताना दारं आणि झाकणं अदलाबदल होतात. कातडीखाली ओळखीची चिप बसवलेली असेल तर तिच्या १५ अंकी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे चिठ्ठीवर हवेत आणि चढवताना व उतरवताना स्कॅनर फिरवायचा. कॅरिअर उघडण्याआधी खोलीचं दार बंद.

नव्या जागेच्या खिडक्यांना कबुतरांसाठीची नायलॉन जाळी पुरेल असं बसवणारा सांगतो. ती मांजर कुरतडतं. २५ मिमी किंवा त्याहून बारीक चौकटीची वेल्डेड गॅल्वनाइज्ड जाळी लावून घ्या आणि ती कडेला फ्रेममध्ये दाबलेली आहे ना, हे हाताने ढकलून पाहा. एकत्र ठेवायची असतील तर मोठ्या मांजरामागे किमान १.७ चौरस मीटर जागा धरा. जेवण, झोप आणि लिटर यांच्यात ६० सेंमी अंतर. जागेचा भाडेकरार करण्याआधी हे गणित मांडलं नाही तर सगळी मांजरं मावणार नाहीत.

शिंकांचा जोर पोचल्या दिवशी नाही, बहुधा चार ते अकरा दिवसांनी दिसतो, कारण ताणाने जुना हर्पीस विषाणू तेव्हा पुन्हा बाहेर पडू लागतो. म्हणून स्वयंसेवकांच्या पाळ्या पहिल्या रविवारी संपवू नका, दोन आठवड्यांच्या लावा. रोजच्या वहीत दोन रकाने पुरेत: खाल्लं का, लघवी झाली का. बोका ट्रेमध्ये बसून नुसता जोर करतोय आणि थेंब येत नाही, तर ती त्याच तासाला डॉक्टरकडे नेण्याची गोष्ट आहे. दोन दिवस न जेवलेल्या मांजराचंही यकृत धोक्यात येतं.

खरेदी किती करायची? एका फेरीत जितकी मांजरं जाणार तितके कॅरिअर, धुऊन वाळत पडलेल्यांसाठी त्याच्या निम्मे आणखी आणि दोन रिकामे गाडीत कायम. हा आकडा उसनवारीने भरून काढता येतो. उसने घेतलेले कॅरिअर परत करण्याआधी ब्लीचने धुवा, आणि नायट्याच्या मांजरांच्या खोलीत वापरलेला, आतून नखांनी ओरखडलेला कॅरिअर कुणालाही देऊ नका. त्या ओरखड्यांपर्यंत ब्रश पोचत नाही, तो भंगारातच जाऊ द्या.