पंधरा रुपयांचा डिजिटल सातबारा: कर्जत-मुरबाडला जमीन बघणाऱ्या मुंबईकराला किती पुरतो?

कोथळीगड नाहीतर सिद्धगडाच्या पायथ्याशी पाच-दहा गुंठे बघायला निघालेल्यांच्या हातात रंगीत ब्रोशर असतं. त्यात प्लॉट नंबर छापलेला असतो, गट नंबर (महसुली नोंदीतला जमिनीचा क्रमांक) नसतो. तो आधी मागून घ्या. महाभूमी या सरकारी साईटवर नावावरूनही शोधता येतं, पण एका आडनावाचं अर्धं गाव निघतं.

भूलेख या तिच्याच विभागात सातबारा फुकट दिसतो, तो बघण्यापुरताच. डिजिटल सहीचा उतारा 15 रुपयांना: साईटवरच्या खात्यात आधी पैसे भरायचे, मग जिल्हा, तालुका, गाव, गट निवडायचा. त्यावरच्या 16 अंकी क्रमांकाने उतारा खरा आहे का, ते पडताळता येतं. तलाठ्याच्या सही-शिक्क्यासाठी अर्धा दिवस घालवण्यापेक्षा हे केव्हाही परवडलं. विकणाऱ्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली पीडीएफ मात्र धरू नका. महिन्या-दोन महिन्यांपूर्वीच्या उताऱ्यावर कालचा बोजा (जमिनीवरचं कर्ज) कसा दिसेल?

उतारा हातात आला की लोक मालकाचं नाव बघतात आणि थांबतात. खरा मजकूर शेजारी, 'इतर अधिकार'मध्ये असतो. गावच्या सहकारी सोसायटीचा बोजा हा त्यातला सोपा प्रकार, तो फेडून कमी होतो. 'कुळकायदा कलम 43 च्या बंधनास पात्र' असं असेल तर ती कुळाला, म्हणजे पूर्वी दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याला, मिळालेली जमीन. 32म प्रमाणपत्राला (कुळाने जमीन विकत घेतल्याचा दाखला) 10 वर्षं झाली असतील तर आकाराच्या (शेतसाऱ्याच्या) 40 पट रक्कम भरून विक्री होते, नाहीतर परवानगी लागते. जमीन महसूल संहितेच्या कलम 36 किंवा 36अ चा शेरा म्हणजे आदिवासी खातेदार. त्या जमिनीचा नाद सोडा, मग इसार कितीही कमी असो. भूधारणा 'भोगवटादार वर्ग 2' (सरकारी अटींवर धारण केलेली जमीन) असेल तरी परवानगीशिवाय हस्तांतर नाही. सुधारित नमुन्यात 'इतर अधिकार'च्या रकान्याच्या तळाला प्रलंबित फेरफार (हक्काच्या नोंदीतला बदल) आहे की नाही आणि शेवटच्या फेरफाराचा क्रमांक-तारीख येते. ही या उताऱ्यातली सगळ्यात कामाची ओळ. फेरफार प्रलंबित असेल तर 'आपली चावडी' या सरकारी पानावर त्याची नोटीस वाचा. बहिणींची हरकत तिथेच कळते.

क्षेत्र हेक्टर-आर-चौरस मीटरमध्ये येतं. 0.20.00 म्हणजे 2000 चौरस मीटर, पावणेवीस गुंठ्यांच्या आसपास. त्यातलं पोटखराब (लागवडीला न येणारा भाग) किती, ते वेगळं वाचा. डोंगरउतारावर ओढा आणि कातळ त्यातच धरलेले असतात, पैसे मात्र तुम्ही पूर्ण क्षेत्राचे मोजता.

आता न दिसणारं. पाच गुंठ्यांचा स्वतंत्र सातबारा ग्रामीण शेतजमिनीत सहसा होत नाही, कारण 2023 पासून प्रमाणभूत क्षेत्र (ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते) जिरायतीला 20 आणि बागायतीला 10 गुंठे आहे. म्हणून एका गटावर आठ-दहा जणांची नावं सामाईक लागतात आणि वाटप कागदावर होतच नाही. 2025 मध्ये शहरी आणि नियोजन क्षेत्रातल्या तुकड्यांना सूट मिळाली, तेव्हा गाव कोणत्या हद्दीत पडतं ते बघा. 1975 च्या खाजगी वन कायद्याची (जमीन वन म्हणून सरकारकडे गेल्याची) नोंद काही गटांवर लागलेलीच नसते. वनखात्याकडे गट नंबर देऊन लेखी विचारावं. माथेरानच्या अंगाला असाल तर 2003 चं पर्यावरण संवेदनशील क्षेत्रही पाहायचं. यातलं काहीच पंधरा रुपयांत मिळत नाही, आणि ते मिळेल असं साईट म्हणतही नाही.

घेणारा शेतकरी असावा लागतो (कुळकायदा, कलम 63). रत्नागिरी-साताऱ्याच्या वडिलोपार्जित सातबाऱ्यावर नाव असेल तर चालतं. वडील गेलेत आणि उतारा अजून त्यांच्याच नावावर आहे, तर आधी वारस नोंद करून घ्या.

रस्त्यासाठी उतारा पुरत नाही, महाभूनकाशा हा ऑनलाईन गटनकाशाही अर्धवटच मदत करतो. बांधावरून जीप जाते, याचा अर्थ हक्काचा रस्ता आहे असा नाही. विक्रेत्यालाच 'हद्द कायम' मोजणी (गटाच्या हद्दी ठरवणारी) मागायला लावा, भूमी अभिलेख कार्यालयाची 'क' प्रत (मोजणीचा नकाशा) हातात घ्या आणि शेजारच्या गटधारकांची रस्त्याला संमती खरेदीखताआधी नोंदवा. नंतर महसूल संहितेच्या कलम 143 खाली तहसीलदाराकडे रस्ता मागता येतो, पण तोवर घराची वाळू डोक्यावरून वाहायची तयारी हवी.