गाईचं दूध की म्हशीचं? घरात एकमत होत नसेल तर

दूधवाला बदलला, नव्या सोसायटीत राहायला गेलं, की हा वाद निघतोच. सासऱ्यांना चहा म्हशीच्या दुधाचाच लागतो, मुलाला ग्लासात सायीचा कण दिसला तरी तो तोंड फिरवतो, नवरा वजन उतरवायच्या मागे असतो आणि तूप मात्र सगळ्यांना घरचंच हवं असतं. माझं मत आधीच सांगते: दूध कोण पितं यापेक्षा दुधाचं घरात काय काय होतं, ते बघून ठरवा.

आधी पिशवीवरची बारीक अक्षरं वाचा. गाईच्या दुधात फॅट साधारण 3.5 टक्के, म्हशीच्या दुधात 6 टक्के. म्हणजे लिटरमागे 35 ग्रॅम आणि 60 ग्रॅम. पुण्या-मुंबईत दोन्हींच्या भावात लिटरला 15 रुपयांच्या आसपास फरक पडतो, तो याच स्निग्धांशाचा.

खरा सामना सायीवर होतो. म्हशीचं दूध तापवून, निववून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं की सकाळी साय भाकरीसारखी अख्खी उचलून येते. गाईच्या दुधाची पातळ साय चमचा लावताच फाटते, आणि डबा काही केल्या भरत नाही. त्यात पिशवीवर ‘होमोजिनाइज्ड’ छापलेलं असेल तर सायीची आशाच सोडा, कारण त्या दुधातले स्निग्ध कण फोडून इतके बारीक केलेले असतात की ते वर येतच नाहीत. सायीला विरजण लावून, घुसळून, लोणी कढवलं की म्हशीचं तूप पांढरं आणि रवाळ होतं, गाईचं पिवळसर. हा पिवळेपणा कॅरोटीनचा. म्हैस चाऱ्यातल्या कॅरोटीनचं अ जीवनसत्त्व करून टाकते, म्हणून तिचं दूध आणि तूप पांढरं. तेव्हा रंगावरून कुणी भेसळीची शंका काढली तर त्यांना एवढं जरूर सांगा. कढईच्या तळाची बेरी साखर घालून खायला मिळते ती वेगळीच, आणि तिच्यासाठी मुलं न बोलावता स्वयंपाकघरात येतात.

दह्यातही म्हैसच वरचढ. कवडी दही, श्रीखंडाचा चक्का, बासुंदी यांना म्हशीचं दूध घ्या, आटवायलाही वेळ कमी लागतो. रसगुल्ल्याचा मऊ छेना मात्र गाईच्याच दुधाचा. रोजच्या ताकाला, कढीला गाईच्या दुधाचं दही छान पुरतं. चहात म्हशीचं दूध थोडं घातलं तरी रंग धरतो. गाईचं जास्त घालावं लागतं आणि मग चहाची चव मागे पडते. सासऱ्यांची तक्रार खरी आहे, त्यांना खोटं पाडू नका.

आता पिण्याचं. कोल्हापुरात गंगावेशीला समोर धार काढलेलं म्हशीचं दूध पिणारी माणसं आहेत, त्यांना आपण काय सांगणार! पण बैठं काम असेल तर गाईचं बरं: 100 मिलिलिटरमागे 65 च्या आसपास कॅलरी, म्हशीच्या दुधात 90 च्या आसपास. ‘मला म्हशीचं दूध पचत नाही’ म्हणणाऱ्याचं पोट दुधातल्या साखरेमुळे फुगत असेल, तर गाईच्या दुधानेही फुगणार. लॅक्टोज दोन्हींत जवळपास सारखंच. जड वाटतं ते फॅटमुळे. ‘ए-टू’ (म्हणजे ज्यात बीटा-केसिन या प्रथिनाचा फक्त ए-टू प्रकार असतो अशा) दुधासाठी जास्त पैसे मोजणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की म्हशीचं दूध मुळातच ए-टू असतं. वर्षाच्या आतल्या बाळाचा प्रश्नच नाही: त्याला यातलं कुठलंच दूध पाजायचं नसतं, आजी कितीही आग्रह करो.

बऱ्याच घरांत शेवटी अर्धा लिटर हे आणि अर्धा लिटर ते असा तह होतो. फ्रीज मोठा असेल तर उत्तमच. पण दोन पातेली, दोन गाळण्या आणि ‘चहात कुठलं घातलंस?’ हा रोजचा प्रश्न पत्करावा लागतो. लहान स्वयंपाकघरात मी तरी हे करणार नाही.

घरी तूप, दही, चक्का होत असेल तर डोळे मिटून म्हशीचं लावा आणि पिणाऱ्याला साय काढून द्या. साय साठवायला सगळे पुढे, पण लोणी काढायला रविवारी कुणीच उठत नसेल, तर गाईचं लावा आणि तूप विकत आणा.