लातूरहून समुद्राला: गणपतीपुळे की तारकर्ली?

लेकरांना समुद्र दाखवायचं ठरलं की लातूर-धाराशिवकडच्या घरांत दोन नावं हमखास निघतात, गणपतीपुळे आणि मालवणजवळची तारकर्ली. औसा, तुळजापूर, सोलापूर, मिरज करत कोल्हापूरपर्यंत रस्ता एकच. पुढे आंबा घाट उतरलात तर रत्नागिरी, फोंडा घाट उतरलात तर कणकवली. प्रवासाचा शीण दोन्हीकडे सारखाच. खरा फरक मुक्कामाच्या जागेचा.

गणपतीपुळ्याला माणूस मुळात येतो तो देवाला, आणि राहण्या-जेवणाची व्यवस्थाही त्याच्याभोवतीच उभी राहिली. देऊळ थेट किनाऱ्यावर, प्रदक्षिणा अख्ख्या डोंगराला. घरगुती खानावळीत केळीच्या पानावर साधं शाकाहारी जेवण, आधी सांगितलं तर उकडीचे मोदक. पर्यटन महामंडळाचं निवासस्थान समुद्राला लागून आहे. जागा झकास, पण तिथला पाहुणचार सरकारी वळणाचा. केशवसुतांचं जन्मगाव मालगुंड शेजारीच आहे. गर्दी नको असेल तर मी तिथेच खोली बघेन.

तारकर्लीची गोष्ट वेगळी. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला, महामंडळाची 'निवास व न्याहारी' योजना आली आणि माडाच्या बागेतल्या राहत्या घरांना दोन-दोन खोल्या जोडल्या गेल्या. म्हणून इथल्या पुष्कळशा 'हॉटेलां'त मालकीण स्वतः चुलीपाशी असते. खोली ठरवतानाच फोनवर विचारतील, "मासे खाणारे किती नि शाकाहारी किती?" आकडा नीट सांगा, कारण बाजार त्यावरच होतो. ऐनवेळी चार ताटं वाढवा म्हणालात तर पंचाईत. सकाळी घावणे, दुपारी बांगडा नाहीतर सुरमई, सोलकढी. शाकाहाऱ्याला काळ्या वाटाण्याची आमटी. खोल्या साध्या, एसी असेलच असं नाही. पण असं अगत्य पैसे मोजून मिळणारं नव्हे. शिवाय १६६४ मध्ये बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग किल्ला होडीने गाठता येतो.

घरात माळकरी आजी-आजोबा असतील तर मात्र फार विचार करू नका, गणपतीपुळेच. मासे शिजतात त्या स्वयंपाकघरातलं त्यांना चालणार नाही, आणि वेगळी भांडी ठेवा म्हणून दर जेवणाला सांगत बसणं तुम्हाला जमणार नाही. नुसती तरुण मंडळी असतील तर तारकर्ली, तीही दोन रात्री तरी. ज्वारीची भाकरी दोन्हीकडे विसरा, तांदळाची मिळेल. ओल्या नारळाच्या गोडसर वाटणाने तिसऱ्या जेवणाला तोंड मिटतं, तेव्हा शेंगदाण्याची चटणी पिशवीत असू द्या.

पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या आणि स्कूबा (श्वासाची नळी लावून समुद्राखाली बुडी मारणं) बंद असतात, त्यामुळे तारकर्लीला दिवाळीनंतरच जावं. आणि विहिरीत सूर मारून पोहायला शिकलेल्या आपल्या पोरांना आधीच बजावा: गणपतीपुळ्याचा समुद्र ओढतो. गुडघ्याच्या वर पाण्यात जायचं नाही.