बाहेरच्या झाकणाचा पाच लिटरचा कुकर: वर्षभराच्या वापरानंतर, मुख्यतः त्या खाचेबद्दल

ॲल्युमिनियम, जाड बूड, दोन डबे, एक जाळी. बाकीची माहिती खोक्यावर असतेच, ती इथे पुन्हा लिहीत नाही. कंपनीचं नावही घेत नाही, कारण मला जे सांगायचंय ते झाकणाला अशी खाच असलेल्या कुठल्याही कुकरला लागू आहे.

पहिले काही महिने मी याला पाचपैकी तीनच तारे दिले असते. भात मोकळा होतो, तूरडाळ हाटायला घेतली की लगेच एकजीव होते, तक्रार काही नाही. पण झाकणाच्या कडेला बोटभर लांबीची जी खाच आहे, तिचा मला भयंकर राग यायचा. डाळीचा फेस तिथे वाळून बसतो, घासणी धड आत जात नाही आणि आतली रिंग बाहेरून उघडी दिसते. एवढे पैसे मोजून घेतलेल्या वस्तूला हे भोक कशाला, असं रोज भांडी घासताना वाटायचं. सासूबाईंचा कुकर आत बसणाऱ्या झाकणाचा आहे. त्या म्हणायच्या, "अगं, आतल्या झाकणाला वाफच घट्ट धरून ठेवते. आत वाफ असेपर्यंत कुणी उघडू म्हटलं तरी उघडत नाही." हे अगदी खरं आहे आणि त्या पद्धतीचा तो मोठाच गुण आहे.

बाहेरच्या झाकणाचं तसं नाही. तिथे वाफ झाकणाला वर ढकलत असते आणि ते धरून ठेवतात फक्त कुकरच्या काठाखाली अडकणारे झाकणाच्या कडेचे ओठ. हा रेटा किती असतो याचा हिशोब मी एकदा कागदावर मांडला. शिट्टीचं वजन उचललं जातं तेव्हा आतला दाब बाहेरच्यापेक्षा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 1 किलो जास्त असतो. झाकणाचा व्यास 20 सेंटिमीटर धरला तर क्षेत्रफळ 314 चौरस सेंटिमीटर. म्हणजे आपण शेजारी उभं राहून पोळ्या लाटतो तेव्हा त्या झाकणावर आतून तीनशे किलोंहून अधिक रेटा असतो. हा आकडा समजल्यापासून मी कुकरकडे वेगळ्या नजरेने बघते.

पावसाळ्यात एकदा सालीचे हिरवे मूग लावले होते. बराच वेळ झाला तरी शिट्टी होईना. गॅस बंद करायला हात पुढे केला तोच झाकणाच्या कडेतून, नेमक्या त्या खाचेतून, रिंगचा फुगा बाहेर आला आणि सगळी वाफ तिथून फुस्सकन निघून गेली. ओट्यामागच्या फरशांवर मूग उडाले, बस्स. झाकण जागच्या जागी, कुकर शाबूत, मला काही नाही. मुगाची सालं शिट्टीच्या नळीत गच्च बसली होती.

त्या दिवशी मी माहितीपुस्तिका पहिल्यांदा नीट वाचली. खाचेबद्दल तिथे जेमतेम एक ओळ आहे. नळी तुंबली तर दाबाला जायला वाट हवी, म्हणून कडेचा तेवढाच तुकडा मुद्दाम कापलेला असतो. इतरत्र रिंगच्या मागे धातू आहे, इथे नाही. दाब मर्यादेबाहेर गेला की रिंग तिथेच बाहेर फुगते आणि वाफ सुटते. सेफ्टी व्हॉल्व्ह निराळा. त्यात लवकर वितळणारा मिश्रधातू असतो आणि त्याचं मुख्य काम पाणी आटून कुकर कोरडा तापला तर. माझ्या कुकरात पाणी भरपूर होतं, त्यामुळे तो वितळायची वेळच आली नाही. एक उष्णतेवर लक्ष ठेवतो, दुसरी दाबावर. म्हणून दोन्ही लागतात. ज्या भोकाला मी महिनोन्‌महिने नावं ठेवली, तीच या कुकरातली सगळ्यात विचारपूर्वक केलेली गोष्ट आहे.

आता राग दुसरीकडे. सर्व्हिस सेंटरला नवी रिंग मागितली, तर "स्टॉक नाही, झाकणच बदलून घ्या" म्हणाले. दीड-दोनशेच्या रिंगसाठी अख्खं झाकण का घ्यायचं? बाजारातल्या दुरुस्तीवाल्याने एक जाड, कडक रिंग हातात ठेवली आणि कौतुकाने सांगितलं, "ताई, ही कधीच बाहेर येणार नाही." मला धडकीच भरली. बाहेर येणं हेच तिचं काम आहे! त्याला खाच दाखवून समजावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला तीच रिंग दिली. त्याच्याकडे सेफ्टी व्हॉल्व्हच्या जागी नुसता बोल्ट घट्ट बसवलेली झाकणंही पाहिली. वाफ गळायची थांबते, गिऱ्हाईक खूश होतं आणि घरात काय घेऊन चाललोय हे कुणाला कळत नाही. कंपन्यांनी हे चित्र काढून झाकणावरच छापायला हवं.

शेवटी ओरिजिनल रिंग दुसऱ्या गावाहून मागवली. थोडी महाग पडली, पण झाकणाच्या मानाने काहीच नाही.

मग बाकीचे भागही नीट बघितले. शिट्टीला आपण वेळेचं माप समजतो, पण ते दाब ठरवणारं वजन आहे. देनी पापँ या फ्रेंच माणसाने 1679 मध्ये लंडनमध्ये हाडं शिजवायचं बंद भांडं दाखवलं, त्याच्या झडपेवरही वजनच होतं. त्या दाबाला पाणी साधारण 120 अंशांना उकळतं, शिट्ट्या वाढवून ते आणखी तापत नाही, नुसता गॅस जातो. म्हणून मी पहिल्या शिट्टीनंतर आच बारीक करते आणि घड्याळ बघते. सिलिंडर आता जास्त दिवस पुरतो. वाफेची सरळ धार आल्यावरच वजन ठेवायला सांगतात, त्यालाही कारण आहे: आत हवा राहिली तर दाब तेवढाच दिसतो, पण तापमान कमी राहतं आणि हरभरे कच्चे निघतात.

आता साडेचार तारे. अर्धा कापला तो पुस्तिकेतल्या त्या एका ओळीसाठी आणि न मिळणाऱ्या रिंगसाठी. घेणार असाल तर आयएसआय चिन्ह आणि 2347 हा मानक क्रमांक बघा, झाकण उलटं करून खाच बघा, आणि दुकानातूनच एक जादा ओरिजिनल रिंग घ्या. डाळी-कडधान्यं अर्ध्या कुकरच्या वर भरू नका. लावण्याआधी नळी उजेडासमोर धरा, आरपार दिसली पाहिजे. खाच दात घासायच्या जुन्या ब्रशने छान निघते.