तळहाताआधी तळपाय: ताई चीच्या काही महिन्यांनंतर

गेले काही महिने मी नेमाने ताई ची, म्हणजे संथ हालचालींची चिनी युद्धकला, करते आहे. चीनच्या क्रीडा आयोगाने 1956 साली यांग या ताई चीच्या पारंपरिक शैलीतून सोपा करून बसवलेला 24 हालचालींचा क्रम, आणि त्याआधी थोडा वेळ गुडघे किंचित वाकवून नुसतं उभं राहणं. नवीन माणूस हमखास विचारतो ते ‘ची’बद्दल, म्हणजे आतल्या ऊर्जेबद्दल. ती खरंच जाणवते का? जाणवते. पण सगळ्यात आधी जे जाणवतं ते सगळ्यात कमी उपयोगाचं, असं माझं मत झालंय.

तळहात गरम होणं, बोटांना मुंग्या येणं, दोन्ही हात समोरासमोर धरले की मधे काहीतरी भरून आल्यासारखं वाटणं, हे फार लवकर येतं. श्वास संथ झाला आणि खांदे सैल पडले की हातांकडे रक्त जास्त जातं, शिवाय सगळं लक्ष तिथेच असल्याने एरवी न जाणवणाऱ्या संवेदनाही ठळक होतात. ते भास नव्हेत. मात्र त्यांच्या मागे लागलं की लक्ष मनगटाच्या पुढेच अडकतं, खांदे परत वर चढतात आणि कमरेखालचं शरीर विसरायला होतं.

मला खरा बदल दिसला तो पायांत. ताई चीत एक पाय भरलेला, म्हणजे वजन पेलणारा असतो, दुसरा रिकामा. रिकामा पाय पुढे टाकून टाच टेकवायची, पण वजन द्यायचं नाही. तो पाय तसाच परत उचलता आला पाहिजे. मग हळूहळू वजन त्यावर न्यायचं. हे पुरेसं संथ केलं की घोट्यात सतत चाललेल्या बारीक दुरुस्त्या कळू लागतात, वजन टाचेकडे गेलंय की पावलाच्या बाहेरच्या कडेला, तेही कळतं. स्नायू, कंडरा आणि सांध्यांतले संवेदक मेंदूला ही खबर कायम देत असतात. घाईत ती आपल्या लक्षात येत नाही, एवढंच. आता जिना उतरताना, ओल्या फरशीवर चालताना पाय कुठे पडतोय हे न बघता समजतं, आणि यासाठी मी ताई चीची मनापासून ऋणी आहे.

दुसरी जागा जांघेची. वळायचं ते गुडघ्यातून नव्हे, जांघेच्या घडीतून. गुडघा पावलाच्या दिशेतच राहिला पाहिजे. वजन असलेल्या पायावर गुडघा पिळला तर दुखणं ठरलेलं, आणि व्हिडिओ बघून शिकताना नेमकं हेच दिसत नाही. कोणीतरी जाणकाराने समोर उभं राहून बघायला हवं. ‘ढगांसारखे हात’ ही हालचाल यासाठी उत्तम: हात स्वतःहून काहीच करत नाहीत, कंबर वळते म्हणून ते सरकतात. नाभीखालच्या ज्या भागाला दानत्यान म्हणतात, तिथून हालचाल निघते असं का सांगतात, ते मला इथे पटलं.

आजार बरे होण्याचे मोठे दावे मी बाजूला ठेवते. तोलाबद्दल मात्र ठोस काम झालेलं आहे. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पार्किन्सनच्या (कंपवाताच्या) 195 रुग्णांना 24 आठवडे ताई ची, वजनांचे व्यायाम किंवा स्नायू ताणण्याचे व्यायाम दिले गेले. तोलाच्या मापनात ताई चीचा गट पुढे राहिला. दम वाढवायचा असेल तर मात्र सोबत दुसरं काहीतरी हवंच.

एक गोष्ट आग्रहाने सांगते. क्रम पूर्ण पाठ होण्याची वाट न बघता तुई शौ, म्हणजे जोडीने एकमेकांचे हात टेकवून करायचा सराव, लवकर सुरू करावा. जोर पायातून निघून कमरेतून हातात येतो, ही परंपरेतली शिकवण एकट्याने कितीही घोकली तरी तपासता येत नाही. समोरचा हलकेच ढकलतो आणि तुमचा खांदा ताठ असेल तर तुम्ही तिथेच उखडता. खांदा सोडलेला असेल तर तोच धक्का पाठीतून, जांघेतून खाली उतरताना स्पष्ट जाणवतो. या जाणिवेलाच कोणी ‘ची’ म्हणत असेल तर माझी काही हरकत नाही.