नटबोल्टची ढोलकी: फडातून स्टुडिओकडे निघालेल्यासाठी

तमाशाच्या फडात किंवा कलाकेंद्रात हात तयार झालेला पोरगा मुंबई-पुण्याला निघतो तेव्हा डोक्यात तीन गोष्टी असतात: ऑर्केस्ट्रात नाव, भाड्याची खोली आणि जमलंच तर जोडीदारीण. पहिल्या गोष्टीपायी तो दोरीने ताणायची ढोलकी विकून बोल्ट आवळून ताणायची, म्हणजे नटबोल्टची घेतो. नटबोल्टची घ्यावी, पण दोरीची विकू नये.

नटबोल्टचा खरा फायदा वेळेचा. दोरी ओढत, कड्या सरकवत बसायला स्टुडिओत कोणी थांबत नाही. इथे पाना फिरवला की काम होतं. मात्र एक बोल्ट पाव फेरा, मग त्याच्या बरोबर समोरचा, मग बाजूची जोडी, असंच फिरवायचं. एकाच अंगाने आवळत गेलं की कडं तिरकं बसतं, एकाच पानातून (तोंडावरच्या कातड्यातून) दोन सूर बोलतात आणि पुढे पान काठाला फाटतं. कार्यक्रम संपला की सगळे बोल्ट थोडे सैल करून ठेवा.

एकच घ्यायची ऐपत असेल तर काळी 1 ची, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराची घ्या. काळी 1 मध्ये गाणाऱ्याला ती षड्जावर (सा) लागते, काळी 3 वाल्याला पंचमावर (प), आणि काळी 4 मध्ये गाणाऱ्या बाईला मध्यमावर (म). मध्यम प्रत्येक गाण्यात खपत नाही, हे आधी तपासा. एकाच पानाला ताणून दोन-तीन सूर वर न्यायचा मोह टाळा. शाई, म्हणजे पानावरचा काळा लेप, कोरडी, पत्र्यासारखी बोलायला लागते.

दुकानात पॉलिशला भुलू नका. आंब्याचं खोड हलकं, पण कीड लवकर धरतं. शिसमाचं टिकतं, पण जड. त्यात लोखंडाचं वजन आलं, म्हणजे कमरेला बांधून उभ्याने लावणी वाजवणाऱ्याचं काम संपलंच. खोडाच्या चिरा लांबी (पुट्टी) भरून झाकलेल्या असतात, नखाने टोकरून बघा. शाईवरच्या भेगांची जाळी बारीक आणि सारखी हवी. तुकडा सुटलेला असेल तर पान बदलून मागा.

माइकसमोर हिचा मोठा दोष कळतो. वॉशर सैल झाले की धुमेच्या, म्हणजे खर्जाच्या डाव्या तोंडाच्या, प्रत्येक घुमक्याला बोल्ट खरखरतात. नटांखाली रबराचे वॉशर घातले की बरंचसं थांबतं. पावसाळ्यात पान ओल धरून उतरतं, एसी हॉलमध्ये चढतं. म्हणून हॉलमध्ये अर्धा तास ठेवून मगच सूर लावा. समुद्राकाठी बोल्ट गंजतात, तेलाचा बोळा फिरवत राहा, पण तेल पानाला लागू देऊ नका.

चाळीत रियाज करायचा तर धुमेवर जाड टॉवेल बांधा. तो घुमारा भिंतीपलीकडे जातो, आणि जोडीदारीण मिळायच्या आधी घरमालक खोली रिकामी करायला लावतो.

लावणीच्या बैठकीत मात्र दोरीच्या ढोलकीचा खुला टणत्कार हिच्यात नाही. तिथे जुनीच न्या.